माफी आणि मान्यता

होळकरशाहीच्या दप्तरात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदत आले. दौलत म्हणजे मुलूख, फौज आणि कारभार; खासगी म्हणजे राजस्त्रियांचे स्वतंत्र उत्पन्न. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे हे उत्पन्न लावून दिले आणि पुढे ते अहिल्याबाईंच्या हाती आले. त्या साध्वीने त्याचे काय केले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. काशीचे विश्वनाथ मंदिर, सोमनाथचे नवे देऊळ, गयेचे विष्णुपद, वेरूळचा घृष्णेश्वर, आणि महेश्वरापासून हरिद्वारापर्यंतचे घाट व धर्मशाळा यांच्यामागे त्यांचे नाव आहे. दौलतीच्या पैशावर फौजा चालल्या. यात्रेकरूंच्या पायांखाली मात्र खासगीचा पैसा आला. नावाने जी सर्वांत खासगी होती, ती थैली व्यवहारात सर्वांत सार्वजनिक ठरली.

हा विरोधाभास दोन शतके कोणास बोचला नाही. तो बोचू लागला तो कायद्याच्या दारात. ‘खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट’ या इंदूरच्या न्यासाविषयी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ रोजी जे निर्णय दिले, त्यांचा परामर्श आमच्या मराठी व कोंकणी वाचकवर्गासमोर व्हावयास हवा होता. तो व्हावा तसा झाला नाही. वृत्तपत्रांनी त्यात एक मालमत्तेचा खटला पाहिला. आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. राज्यसंस्थेने धर्मसंस्थेस कायद्याची मान्यता आणि कराची माफी द्यावी काय, आणि दिली तर त्या बदल्यात काय मागावे?

प्रथम हकीकत. १९४८ साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १९४९ साली भारत सरकारच्या मध्यस्थीने असे ठरले की, खासगीची मालमत्ता व उत्पन्न मध्यभारत सरकारकडे कायमचे जावे आणि त्याऐवजी सरकारने धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये निरंतर बाजूला काढावेत. महाराज यशवंतराव होळकर १९६१ च्या डिसेंबरात निवर्तले. २७ जून १९६२ रोजी महाराणी उषादेवी यांनी न्यासाचा लेख केला. त्याच्या परिशिष्टात देशभर विखुरलेल्या २४६ मालमत्तांची यादी आहे. तीत देवळे, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा, कुंडे असे सारे काही आहे. विश्वस्त मंडळावर सरकारी अधिकाऱ्यांसही जागा ठेविल्या गेल्या. पुढे या यादीतील काही जागांचे हस्तांतर झाल्याचे उघडकीस आले; हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहाराने तर ओरडच झाली. उच्च न्यायालयाने मालमत्ता शासनाची ठरवून आर्थिक गुन्हे शाखेकडून चौकशी करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने चौकशीचा तो आदेश रद्द केला. मात्र हा न्यास १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो, त्याने एका महिन्यात नोंदणीसाठी अर्ज करावा आणि झालेल्या व्यवहारांची तपासणी निबंधकाने करावी, असे बजाविले.

हा १९५१ चा कायदा जेव्हा झाला तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्याची व्याख्या उदार आहे: देऊळ, मठ, मशीद, चर्च, वक्फ, सारे त्यात एका पंक्तीस बसविले आहे. कोणाचा देव खरा, ही पंचाईत त्या कायद्याने केलेली नाही. लोकांसाठी ठेविलेली ठेव आहे काय, एवढेच तो विचारतो; असेल तर नोंद करा, हिशेब द्या, आणि स्थावर विकावयाची असेल तर आधी निबंधकाची मंजुरी घ्या. कोणत्याही सश्रद्ध मनुष्यास यात जाच वाटावा असे काय आहे? तरीही न्यासाच्या वतीने युक्तिवाद झाला तो असा की, राज्याच्या नियंत्रणाखालील यंत्रणेमार्फत चालणाऱ्या न्यासांस याच कायद्याच्या ३६ व्या कलमाने सूट आहे आणि आमच्या मंडळावर सरकारी माणसे असल्यामुळे ती सूट आम्हांस लागू आहे. न्यायालयाने तो मानला नाही, हे योग्यच झाले. मंडळावर दोन अधिकारी बसले म्हणून मंडळ सरकारी होत नाही. उलट ते अधिकारी असताना देखरेख ढिली राहिली, हेच या प्रकरणातील शल्य आहे.

या युक्तिवादाचा स्वर मात्र आम्हांस अपरिचित नाही, आणि आमच्या वाचकांनाही नसावा. देवस्थानच्या कचेऱ्यांतून तो नित्य ऐकू येतो. निबंधक हिशेब मागू लागला की संस्था ‘घरची’ असते. आयकर अधिकारी दारात आला की तीच ‘सर्व समाजाची’ होते. महापालिकेची नोटीस आली तर ती ‘धर्मावरचा घाला’ ठरते, आणि सरकारी अनुदानाची वेळ आली म्हणजे ‘सांस्कृतिक केंद्र’ बनते. एकाच मुखातून या चार भाषा निघतात आणि चारही वेळा बोलणाऱ्यास आपण खरेच बोलत आहो असे वाटते. खासगी ट्रस्टच्या खटल्यात नवीन एवढेच घडले की, यांपैकी दोन भाषा समोरासमोर आल्या आणि त्यांतील एक न्यायालयाने खोडून काढली.

आता माफीच्या तत्त्वाकडे वळू. माळव्यात ‘माफी’ हा शब्द जमिनीस लागतो: सारा माफ केलेली देवाची जमीन. ही माफी म्हणजे बक्षीस असा समज हल्ली रूढ झाला आहे. जुन्या सनदांचा रोख तसा नाही. सनद देणारा नंदादीप, नैवेद्य, पूजा, चौघडा, अन्नछत्र अशी कामे नेमून देई आणि त्या कामांसाठी सारा सोडी. म्हणजे तो सारा माफ होत नव्हता. तो दुसऱ्या रूपाने भरला जात होता. आजचा आयकर कायदा याच वळणाचा आहे. १९६१ च्या कायद्याने नोंदणीकृत धार्मिक व धर्मादाय न्यासांचे उत्पन्न करमुक्त केले ते बिनशर्त नव्हे: उत्पन्नाचे शेकडा ८५ उद्दिष्टांवर खर्च करावयाचे, हिशेब तपासून घ्यावयाचे, विश्वस्तांनी वा त्यांच्या आप्तांनी त्यातून लाभ उठवावयाचा नाही. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्याने शब्द आणि कलमांचे क्रमांक बदलले. नोंदणी, विनियोग आणि हिशेब ही त्रिसूत्री कायम राहिली. सनदेतील नंदादीप आणि कायद्यातील शेकडा ८५ यांच्यात आम्हांस तरी जातीचा भेद दिसत नाही.

देवास कर लागतो काय, या प्रश्नावर आमच्या मंडळींत कधी कधी विनोदाने बोलले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली त्याचे गंभीर उत्तर दिले आहे: हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिच्या मालकीची मालमत्ता असू शकते, आणि म्हणून तिच्यावर आयकराची आकारणीही होऊ शकते. मान्यतेची ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही. देवास कायद्याने व्यक्ती मानल्यामुळेच पुजारी त्याची जमीन गिळू शकत नाही. मध्य प्रदेशातील देवस्थान-जमिनींच्या खटल्यात २०२१ च्या सप्टेंबरात हेच पुन्हा सांगितले गेले: जमीन देवाची, पुजारी केवळ सेवक व व्यवस्थापक, महसुली दप्तरात त्याचे नाव मालक म्हणून नको. त्याच निकालात दुसरेही वाक्य आहे, ज्याकडे सरकारी कचेऱ्यांचे लक्ष कमी जाते. देऊळ शासनाच्या मालकीचे नसेल तर जिल्हाधिकाऱ्याचे नावही सरसकट व्यवस्थापक म्हणून लावता येणार नाही. पुजाऱ्यास एक मर्यादा पडली, जिल्हाधिकाऱ्यास दुसरी. आणि त्या दोन मर्यादांच्या मध्ये जी जागा उरते ती भक्तमंडळाची आहे. ती जागा भक्तमंडळ भरते काय, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा आहे.

याला एक मूलगामी आक्षेप आहे आणि तो नास्तिकांचाच आहे असे समजू नये. माफी म्हणजे इतरांनी भरलेला कर. मग माझा विश्वास नसलेल्या पंथाचा बोजा मी का उचलावा? राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने एखाद्या धर्माच्या संवर्धनार्थ खास कर देण्याची सक्ती नागरिकावर करता येत नाही. आमचे उत्तर असे की, तिजोरीतून काढून देणे आणि तिजोरीत न घेणे यांत अंतर आहे. पण ते अंतर तेव्हाच टिकते, जेव्हा सवलत सर्व पंथांस एकाच मापाने मिळते आणि ते माप श्रद्धेचे नसून विनियोगाचे असते. कायद्याने धर्मादाय संस्थांच्या बाबतीत हे माप कडक ठेविले आहे: १९६१ च्या कायद्यानंतर एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या वा जातीच्या हितासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासास सवलत नाही. याच कलमाखाली आपल्या शेजारच्या रतलामच्या दाऊदी बोहरा जमातीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ साली निकाल लागला: न्यासाचे हेतू धार्मिक आणि धर्मादाय असे दोन्ही आहेत, त्यांचा लाभ केवळ एका जमातीपुरता बांधलेला नाही, म्हणून सवलत द्यावी. हा निकाल आम्हांस पसंत आहे. बोहरा बंधूंस अन्नदान करता येते आणि आपल्याही ज्ञातिसंस्थांस करता येते, मात्र पंक्तीतून परक्यास उठविता येत नाही, असा त्याचा साधा अर्थ आम्ही घेतो. शहरातील मराठी मंडळांच्या विश्वस्तांनी तो वाचावा.

धर्म कोणता आणि ढोंग कोणते हे सरकारने ठरवावे काय, याविषयी आमचे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. ऑस्ट्रेलियात ‘सायंटॉलॉजी’ नावाच्या नव्या पंथास वेतनावरील करातून सूट मिळावी काय, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढे १९८३ साली गेला. त्या पंथाविषयी समाजात कितीही संशय असला तरी कायद्यापुढे तो धर्मच, असे ठरले. पुष्कळांस हा निकाल भोळा वाटला. आम्हांस तो शहाणपणाचा वाटतो. पंथाच्या तत्त्वज्ञानाची परीक्षा घेण्याचा अधिकार एकदा कारकुनास दिला की, आज तो परक्याची परीक्षा घेईल आणि उद्या आपल्या कुलाचाराची. आपल्याकडेही धर्माचा ‘आवश्यक भाग’ कोणता हे ठरविण्याच्या निमित्ताने न्यायमूर्तींनी धर्मशास्त्रात प्रवेश केलेलाच आहे. १९५४ च्या उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यापासून ही वाट मळली गेली. त्याच निकालात एक अधिक उपयुक्त विवेक होता, तो मागे पडला: मठाकडून देखरेखीसाठी पैसे घ्यावयाचे तर त्या बदल्यात सेवा दिली पाहिजे, सेवा नसेल तर तो कर, आणि असा कर बसविणे ‘शुल्क’ या नावाखाली चालणार नाही. मद्रासच्या कायद्यातील वर्गणी त्या कसोटीवर गेली. मुंबईच्या १९५० च्या कायद्यातील वर्गणी त्याच वर्षी त्याच कसोटीवर टिकली.

आमच्या कोंकणी वाचकांस मान्यतेचा प्रश्न आणखी एका खटल्यामुळे परिचित आहे. दक्षिण कानड्यातील मुल्कीच्या वेंकटरमण देवालयाच्या विश्वस्तांनी हे गौड सारस्वत ब्राह्मणांचे सांप्रदायिक देवालय आहे, म्हणून सर्वांस प्रवेश देणारा कायदा आम्हांस लागू नाही, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली पहिला भाग मानला, दुसरा मानला नाही. संप्रदाय म्हणून मान्यता मिळाली. दरवाजा मात्र सर्व हिंदूंस उघडा राहिला, आणि काही विशिष्ट विधींच्या वेळीच समाजाला आपला वेगळेपणा राखण्याची मुभा राहिली. ‘आमचें देवूळ’ म्हणण्याचा अधिकार शाबूत राहिला. त्या ‘आमचें’ या शब्दाची कक्षा तेवढी वाढली. त्या काळी अनेक वडीलधाऱ्यांस हा पराभव वाटला असेल. आज त्या देवालयाच्या प्रतिष्ठेस त्यामुळे काही उणेपणा आला आहे असे कोणी म्हणणार नाही. गोव्यात तर १९३३ च्या पोर्तुगीज देवस्थान नियमावलीने महाजनांस मान्यता दिली आणि मामलेदारास देखरेख दिली. राज्यकर्ते ख्रिस्ती, दप्तर पोर्तुगीज, देव आपले. तरी मंगेशी-म्हार्दोळची परंपरा तुटली नाही. महाजन कोण आणि कोण नाही, यावरचे तंटे मात्र त्या व्यवस्थेने आपल्या पदरात बांधून दिले, हेही नमूद केले पाहिजे.

हिंदूंचीच देवळे सरकार ताब्यात घेते, ही तक्रार आता सर्वत्र आहे. तीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दक्षिणेत देवस्थान खात्यांनी देखरेखीचे रूपांतर मालकीत केल्याची उदाहरणे आहेत, आणि खासगीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने मालमत्ता थेट शासनाची ठरविली त्यातही तोच मोह दिसतो. मालमत्ता विश्वस्तांच्या हातून निसटली याचा उपाय ती सरकारच्या हाती देणे हा कसा? सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी आणि तपासणी हा मधला मार्ग धरला, म्हणून आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु त्या निकालाने शासनाच्या स्वतःच्या कर्तव्याची झडती पुरेशी घेतली नाही, असे आमचे मत आहे. १९४९ च्या तडजोडीत वाढत्या उत्पन्नाच्या मालमत्तेऐवजी एक आकडा ठरला, आणि आकड्याला महागाई कळत नसते. गावे, जमिनी आणि त्यांचा वसूल सरकारकडे गेला. २४६ वास्तूंचे छप्पर, पायऱ्या, पूजा आणि पुजारी हे न्यासाकडे राहिले. खर्चाची बाजू अमर आणि उत्पन्नाची बाजू गोठलेली, अशा न्यासास जागा विकण्याचा मोह पडणे हे समर्थनीय नसले तरी अनाकलनीय नाही. माफी देणारे सरकार येथे स्वतःच ऋणको आहे, ही गोष्ट निकालपत्रांच्या चर्चेत कोणी ठसविली नाही.

आणि तरीही सरकारच्या दोषाने संस्थेचा दोष धुतला जात नाही. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, याच शहरातील बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात जुन्या बावडीवरील छत कोसळून ३६ भाविक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वृत्तपत्रांतून जो पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला, त्यात बांधकामाविषयी महापालिकेची आधीची नोटीस होती आणि धार्मिक भावनांचा आधार घेणारे संस्थेचे उत्तरही होते. जबाबदारी कोणाची, हे ठरविणे न्यायालयांचे काम. आम्ही त्यात शिरत नाही. आम्हांस दिसतो तो त्या दोन कागदांमधील अवकाश. महापालिका कागद धाडून थांबली, संस्था भावनेचा हवाला देऊन थांबली, आणि मधल्या काळात बावडी जेथे होती तेथेच राहिली. ज्याला आपण कायद्याची मान्यता म्हणतो तिचा अर्थ एवढाच असेल की, नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत घालून सभामंडपात लावावे आणि त्याच्या आड अभियंत्यास येऊ देऊ नये, तर ती मान्यता न दिलेलीच बरी.

म्हणून मान्यता असावी, माफीही असावी, असे आम्ही म्हणतो तेव्हा त्यासोबत देवळांच्या मंडळींकडून एक गोष्ट मागतो. ती सरकारने मागण्यापूर्वी आम्हीच मागितली पाहिजे. अहिल्याबाईंच्या आज्ञापत्रांवर त्यांच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ असे. मालक कोण आणि कारभारी कोण, हे त्या एका शब्दात कागदावर उमटत होते. आजच्या विश्वस्तांस तसा शब्द सुचो वा न सुचो, जमाखर्च तरी कागदावर उमटावा. सार्वजनिक न्यासाचा तपासलेला हिशेब निबंधकाकडे जातो. तो भक्तांपुढे किती ठिकाणी जातो? खासगीच्या २४६ वास्तूंची यादी महेश्वरच्या घाटावर, राजवाड्याच्या परिसरात आणि त्या त्या देवळाच्या ओवरीत मराठी व हिंदीत लावली गेली असती, तर कुशावर्ताचा व्यवहार कोणास इतका सहज करता आला नसता. घाटावर बसणाऱ्या पंड्यानेच पहिली हरकत घेतली असती. ज्या देवस्थानांत देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्यांस जागा मिळते, तेथे वर्षाच्या ताळेबंदास जागा नाही असे कोणी सांगू लागला तर आमचे त्यास इतकेच सुचविणे आहे की, दानपेटीच्या वरची भिंत बहुधा मोकळी असते.